वेगळे गाभे, एकच तंतू

६ एप्रिल २००९ची पहाट. इटलीच्या मध्यभागी अपेनाइन डोंगररांगेत वसलेलं लाक्विला शहर भूकंपानं हादरलं. तीनशेहून अधिक माणसं दगावली, हजारो बेघर झाली, जुन्या शहरातल्या कित्येक इमारती राहण्याजोग्या उरल्या नाहीत. पुढची अनेक वर्षं शहर पुन्हा उभं करण्यात गेली. त्या पुनर्बांधणीत जमिनीखाली सेवावाहिन्यांसाठी बोगदा झाला. २०१९ साली लाक्विला विद्यापीठ आणि जपानची सुमितोमो इलेक्ट्रिक कंपनी यांनी मिळून त्या बोगद्यात ६.२९ किलोमीटर लांबीची एक केबल टाकली. बाहेरून ती दूरसंचाराच्या कोणत्याही केबलसारखी दिसते. आतल्या काचेच्या तंतूंत मात्र एक मूलभूत फरक आहे. नेहमीच्या तंतूत प्रकाश वाहून नेणारा गाभा एकच असतो; या तंतूंत एकाच काचेत ४ किंवा ८ गाभे आहेत. काहींत ते एकमेकांपासून अलिप्त ठेवले आहेत, काहींत मुद्दाम जवळ आणले आहेत.

बहुगाभी तंतू प्रयोगशाळेतल्या रिळांवरून उतरून खऱ्या शहराखाली गेले आणि संशोधनासाठी खुले झाले, ते इथे प्रथम. प्रयोगशाळेतलं रीळ एका ठरावीक व्यासाचं असतं आणि खोलीचं तापमान नेमून दिलेलं असतं. जमिनीखाली तंतू कुठे सरळ जातो, कुठे वळतो, उन्हाळ्यात ताणतो, हिवाळ्यात आकसतो. बहुगाभी तंतूचं सगळं यश किंवा अपयश या वळण्या-ताणण्यात दडलेलं आहे. शेजारी शेजारी ठेवलेल्या गाभ्यांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करू नये म्हणून काय करायचं, या एका प्रश्नाभोवती गेली पंधराहून अधिक वर्षं जगातले उत्तमोत्तम अभियंते झटत आहेत. त्यावर सुचलेलं सर्वांत सुंदर उत्तर म्हणजे गाभे एकसारखे ठेवायचेच नाहीत. शेजारी शेजाऱ्याहून वेगळा करायचा. त्या कल्पनेचा जन्म, तिला लागलेली ठेच आणि त्या ठेचेतून आलेलं शहाणपण, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत यायला हवी. ज्या काचेवर आपले व्यवहार, शिक्षण, औषधोपचार आणि नात्यागोत्यातलं बोलणं चालतं, त्या काचेचं पुढचं रूप यातून ठरतं आहे.

तंतू भरत आला

नेहमीच्या दूरसंचार तंतूच्या काचेचा व्यास १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधोमध सुमारे ९ मायक्रोमीटर व्यासाचा गाभा. गाभ्याच्या काचेत जर्मेनियमचा अंश मिसळून तिचा अपवर्तनांक भोवतीच्या आवरणापेक्षा किंचित, साधारण एक टक्क्याच्या एक तृतीयांशाइतका, जास्त ठेवतात. तेवढ्या फरकावर प्रकाश गाभ्यात कोंडून राहतो आणि सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगानं पुढे जातो. १२५ मायक्रोमीटरपैकी बाकीची सगळी काच प्रकाश वाहत नाही. तिचं काम गाभ्याला सांभाळण्याचं.

इथवर पोचायला दोन पिढ्यांची मेहनत लागली. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडीतून प्रतिमा पाठवून दाखवली. पण त्या काळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विरून जाई. १९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धींचा आहे. एक किलोमीटर अंतरावर एक टक्का प्रकाश जरी पोचला, म्हणजे ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबलवर आणता आला, तरी संदेशवहन शक्य आहे, असं त्यांनी मांडलं. या कामासाठी काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. १९७९ साली जपानच्या एनटीटी या दूरसंचार संस्थेनं ऱ्हास किलोमीटरला ०.२ डेसिबलवर आणला. काओंनी एका किलोमीटरनंतर जो एक टक्का मागितला होता, तो आता शंभर किलोमीटरनंतर शिल्लक राहू लागला.

मग एकेक पायरी चढली गेली. १९८८ साली अटलांटिकखालून पहिली प्रकाशतंतूंची केबल, टीएटी-८, सुरू झाली. त्याच सुमारास एर्बियम हे दुर्मिळ मृदा गटातलं मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूचे प्रवर्धक आले. साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटानं आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देझ्युर्विर यांनी त्यावर पायाभूत काम केलं. त्यामुळे प्रकाशाचं विजेत आणि विजेचं पुन्हा प्रकाशात रूपांतर न करता तो थेट बळकट करता येऊ लागला. एकाच गाभ्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे वेगवेगळ्या ‘रंगांचे’, अनेक प्रकाशझोत एकत्र पाठवता येऊ लागले. पुढे प्रत्येक रंगात दोन ध्रुवीकरणं आली, प्रकाशाची तीव्रता आणि कला (फेज) दोन्ही वापरून प्रत्येक स्पंदात जास्त बिट भरणं आलं. गाभा एकच राहिला. त्यात भरायच्या माहितीचं प्रमाण हजारो पटींनी वाढलं.

ही वाढ थांबण्याचं कारण काचेच्या भौतिकीत आहे. माहिती वाढवायची तर गोंगाटापेक्षा संकेत बराच मोठा ठेवावा लागतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली घालून दिलेला हा नियम. संकेत मोठा करायचा म्हणजे प्रकाशाची शक्ती वाढवायची. पण ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यात शक्ती फार वाढली की खुद्द प्रकाशामुळे काचेचा अपवर्तनांक बदलू लागतो आणि एका रंगाचा संकेत दुसऱ्याला विस्कटतो. शक्ती आणखी वाढली तर गाभा वितळतो, आणि ते वितळणं प्रकाशाच्या उगमाच्या दिशेनं तंतूभर सरकत जातं. या दोन्ही मर्यादांचा हिशेब केला की नेहमीच्या तरंगलांबींच्या पट्ट्यांत एका गाभ्याची व्यवहार्य क्षमता सेकंदाला शंभर टेराबिटच्या आसपास येऊन अडते.

२०११च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमध्ये भरलेल्या प्रकाशतंतू संदेशवहनाच्या ‘ओएफसी’ परिषदेत हे स्पष्टपणे समोर आलं. एनईसीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं एकाच गाभ्यातून सेकंदाला १०१.७ टेराबिट पाठवल्याचं जाहीर केलं. त्यासाठी तंत्राचा कस लागला होता. त्याच परिषदेत जपानच्या एनआयसीटी या राष्ट्रीय संस्थेनं ७ गाभ्यांच्या तंतूतून १०९ टेराबिट पाठवल्याचं सांगितलं. आकडे जवळजवळ सारखे, अर्थ मात्र अगदी वेगळा. पहिला प्रयोग शिखराजवळ पोचला होता, दुसऱ्याचा प्रत्येक गाभा अजून बराचसा रिकामा होता.

सारखे शेजारी, भिन्न शेजारी

एका काचेत अनेक गाभे ही कल्पना नवी नव्हती. जपानच्या फुरुकावा इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी १९७९ सालीच बहुगाभी तंतू मांडला होता. त्या वेळी एकच गाभा भरत नव्हता, मग अनेकांची गरज कुणाला वाटणार? तीस वर्षांनी वेळ फिरली. २००८ साली जपानमध्ये एनआयसीटीच्या पुढाकारानं एक अभ्यासगट बसला. एका गाभ्याची मर्यादा दिसू लागली आहे, तेव्हा पुढच्या काही दशकांसाठी तंतूच नव्यानं घडवायला हवा, अशी त्याची भूमिका होती.

अडचण उघड होती. गाभ्यातला प्रकाश गाभ्याच्या कडेला काटेकोर थांबत नाही. त्याची विरळ होत जाणारी शेपटी काही मायक्रोमीटर आवरणात उतरते. शेजारचा गाभा त्या शेपटीच्या टप्प्यात असेल तर थोडा प्रकाश तिकडे झिरपतो. याला क्रॉसटॉक म्हणतात. एका मीटरमध्ये तो नगण्य असतो, शंभर किलोमीटरमध्ये साचत जातो. गाभे दूर ठेवले तर क्रॉसटॉक कमी होतो, पण मग १२५ मायक्रोमीटरमध्ये मोजकेच गाभे मावतात. काच जाड करावी तर ती वाकवताना तुटण्याची भीती वाढते. साधारण २३० मायक्रोमीटरच्या पुढे तंतूची विश्वासार्हता काळजीची ठरते. जागा मर्यादित आणि शेजार अटळ, असा हा पेच.

२००९ साली होक्काइडो विद्यापीठाचे मासानोरी कोशिबा आणि कुनिमासा साइतोह, तसंच योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाचे यासुओ कोकुबुन यांनी त्यातून वाट काढणारा प्रस्ताव मांडला. एकाच फांदीला, एकाच दोरावर दोन झोके बांधले आहेत अशी कल्पना करा. दोन्हींची लांबी सारखी असेल तर एकाला झोका दिला की हळूहळू दुसरा हलू लागतो. काही वेळानं पहिला थांबतो आणि दुसरा पूर्ण जोरात झुलतो. लांब्या वेगवेगळ्या असतील तर दुसरा जरासा थरथरतो आणि पुन्हा शांत होतो, कारण दोघांचा ताल जुळत नाही. गाभ्यांचंही तसंच. दोन गाभ्यांत प्रकाश अगदी सारख्या वेगानं जात असेल तर झिरपण वाढत वाढत सगळा प्रकाश दुसरीकडे जाऊ शकतो. एका गाभ्याचा अपवर्तनांक किंवा व्यास किंचित बदलला, दोघांचा वेग हजारात एका भागाइतका जरी वेगळा झाला, तरी झिरपलेला प्रकाश थोड्याच अंतरात पुन्हा मूळ गाभ्याकडे फिरतो. दूर ठेवलेल्या दोन गाभ्यांतली ओढ मुळात अतिशय क्षीण असते. एवढासा फरक तिला पुरून उरतो.

म्हणून त्यांनी सुचवलं की तीन प्रकारचे गाभे घ्यावेत आणि ते त्रिकोणी जाळीत असे मांडावेत की कोणत्याही गाभ्याचे लगतचे शेजारी दुसऱ्या प्रकारचे असतील. एकाच प्रकारचे गाभे आपोआप एकमेकांपासून जास्त अंतरावर पडतील. प्रत्येक गाभा स्वतंत्रपणे एकच प्रकाशरूप (मोड) वाहील, आणि एकसारख्या गाभ्यांच्या तंतूपेक्षा कितीतरी दाट वस्ती शक्य होईल. कागदावर हे गणित चोख होतं.

वळणावर जुळलेले ताल

गणितात एक गृहीतक मात्र लपलेलं होतं: तंतू सरळ आहे. खरा तंतू कधीच सरळ नसतो. तो रिळावर गुंडाळलेला असतो, केबलच्या आत नळीत सैल पडलेला असतो, जोडपेटीत वेटोळं घालून ठेवलेला असतो. शिवाय ओढताना आणि गुंडाळताना त्याला स्वतःभोवती किंचित पीळ पडतो.

वळणावर काय होतं पाहा. तंतू वाकला की बाहेरच्या बाजूच्या गाभ्याला लांबचा वळसा पडतो आणि आतल्या बाजूच्या गाभ्याला जवळचा. परिणामी, बाहेरच्या गाभ्याचा अपवर्तनांक वाढल्यासारखा आणि आतल्याचा घटल्यासारखा हिशेब होतो. आता कमी अपवर्तनांकाचा गाभा नेमका बाहेरच्या बाजूला आला तर? वळणानं दिलेली भर आणि मुळातला फरक एकमेकांना छेदतात आणि दोन्ही गाभ्यांचे ताल त्या ठिकाणी तंतोतंत जुळतात. तंतूला पीळ असल्यामुळे प्रत्येक वेढ्यात हे जुळणं पुन्हा पुन्हा घडतं, आणि दर वेळी थोडा प्रकाश पलीकडे जातो. भिन्न गाभ्यांनी मिळवलेली अलिप्तता वळणावर निसटते.

२०१०च्या सुमारास सुमितोमो इलेक्ट्रिकचे तेत्सुया हायाशी आणि त्यांचे सहकारी, तसंच अमेरिकेतल्या ओएफएस कंपनीचे जॉन फिनी यांनी हे वळणाचं कारण उलगडून दाखवलं. क्रॉसटॉक हा एक ठरलेला आकडा नाही. तंतूच्या वळणांवर आणि पिळावर तो अवलंबून आहे आणि त्याचा विचार सांख्यिकीनंच करावा लागतो, ही समज तेव्हापासून रुजली.

या समजेतच उपायही होता. गाभ्यांतलं अंतर आणि त्यांच्या अपवर्तनांकांतला फरक यांवरून वळणाची एक सीमात्रिज्या काढता येते. फरक ०.००१ आणि अंतर ४० मायक्रोमीटर असेल तर ती सुमारे ६ सेंटीमीटर येते. याहून घट्ट वळणात ताल जुळतात. याहून मोकळ्या वळणात ते कधीच जुळत नाहीत, कारण तेवढं वळण मुळातला फरक भरून काढायला अपुरं पडतं. तेव्हा गाभ्यांतला फरक पुरेसा ठेवायचा, म्हणजे सीमात्रिज्या इतकी लहान होते की केबलमधला तंतू प्रत्यक्षात तेवढा घट्ट कधी वळणारच नाही. भिन्न गाभ्यांची कल्पना अशी ठेचेतून सावरली, आणि पहिल्यापेक्षा पक्की झाली. आता ती सरळ तंतूच्या गृहीतकावर उभी नव्हती. वळण हाच तिचा पाया झाला होता.

याचं फळ पुढच्या काही वर्षांत दिसलं. जपानची फुजिकुरा कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २०१५ साली ३० भिन्न गाभ्यांचा तंतू आला. काचेचा व्यास २२८ मायक्रोमीटर, म्हणजे मोडण्याच्या काळजीच्या सीमेआत. पाठोपाठ ३२ गाभ्यांचा तंतू आला आणि एनटीटीच्या संशोधकांनी त्यातून १,६०० किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत संकेत नेऊन दाखवले. एवढ्या दाटीत एवढं अंतर कापणं गाभ्यांच्या वेगळेपणामुळेच साधलं.

भिंत घालायची, की भिंत पाडायची?

प्रश्नाला आणखी दोन उत्तरं मिळाली. भिन्न गाभ्यांची किंमत कळायला तीही समजून घ्यायला हवीत.

पहिलं उत्तर खंदकाचं. प्रत्येक गाभ्याभोवती, थोडं अंतर सोडून, कमी अपवर्तनांकाच्या काचेचं एक कडं घालायचं. त्यासाठी काचेत फ्लोरिन मिसळतात. प्रकाशाची शेपटी त्या कड्यापाशी झपाट्यानं विरते. मग गाभे एकसारखे असले तरी चालतात. इथे वळणाचा परिणामही उलटा होतो. सारख्या गाभ्यांचे ताल सरळ तंतूत जुळतात आणि वळणावर बिघडतात, त्यामुळे तंतू जितका वळलेला तितका क्रॉसटॉक कमी. हायाशी यांच्या गटानं २०११ साली असा ७ गाभ्यांचा, अत्यंत कमी क्रॉसटॉकचा तंतू दाखवला. सारख्या गाभ्यांचा एक व्यावहारिक फायदाही आहे: प्रत्येक गाभ्यातून संकेत जवळजवळ एकाच वेळी पोचतो, ऱ्हास सारखा असतो, जोडताना हिशेब सोपा राहतो. भिन्न गाभ्यांत प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यामुळे एकाच वेळी निघालेले संकेत वेगवेगळ्या वेळी पोचतात. कारखान्यात काचेचे दांडेही वेगवेगळे घडवावे लागतात.

दुसरं उत्तर याच्या अगदी विरुद्ध टोकाचं. गाभे इतके जवळ आणायचे की प्रकाश त्यांच्यात मनमुराद मिसळेल, आणि मग पलीकडच्या टोकाला संगणकी गणितानं तो पुन्हा वेगळा काढायचा. मोबाइलचे मनोरे अनेक अँटेनांचे मिसळलेले संकेत ज्या तत्त्वानं सोडवतात, तेच हे तत्त्व. बेल लॅब्जमध्ये रोलँड रिफ आणि सहकाऱ्यांनी अशा तंतूंतून महासागर ओलांडण्याइतक्या अंतरापर्यंत संकेत पाठवले. मिसळण जितकी पूर्ण तितका वेगवेगळ्या गाभ्यांतला वेळेचा फरक सरासरीत विरतो आणि प्रकाशाच्या शक्तीमुळे होणारी विकृतीही घटते. किंमत मोजावी लागते ती गणिताची: प्रत्येक टोकाला जास्त चिप, जास्त वीज.

भिन्न गाभे, खंदकामागचे सारखे गाभे आणि मिसळणारे गाभे, या तिन्हींत कायमचा विजेता शोधणं मला चुकीचं वाटतं. फार दाट आणि तरीही स्वतंत्र वस्ती हवी तिथे भिन्न गाभ्यांना तोड नाही. मोजके गाभे, सोपी जोडणी आणि लवकर बाजारात आणणं हवं तिथे खंदक पुढे आहे. समुद्रापारच्या लांब पल्ल्यासाठी मिसळण्याचं पारडं जड होत जाईल. तंतू कोणता हे त्याच्या वाटेवरून ठरायला हवं.

विक्रमांची शिडी आणि १२५ मायक्रोमीटर

आकड्यांची चढण डोळे दिपवणारी आहे. २०१२ साली एनटीटी, फुजिकुरा, होक्काइडो विद्यापीठ आणि डेन्मार्कचं तंत्र विद्यापीठ यांनी १२ गाभ्यांतून सेकंदाला एक पेटाबिटची सीमा ओलांडली. पेटाबिट म्हणजे एकावर पंधरा शून्यं. सेकंदाला २५ मेगाबिट लागणारे चार कोटी चित्रपट एकाच वेळी दाखवता येतील एवढी माहिती. २०२० साली एनआयसीटीनं ३८ गाभ्यांच्या आणि प्रत्येक गाभ्यात तीन प्रकाशरूपं वाहणाऱ्या तंतूतून १०.६६ पेटाबिट पाठवले. २०२३ साली तोच आकडा २२.९वर गेला.

मला मात्र त्याच संस्थेचे दुसरे दोन प्रयोग जास्त महत्त्वाचे वाटतात. २०२२ साली तिनं फक्त ४ गाभ्यांच्या तंतूतून एक पेटाबिट पाठवला. २०२५ साली सुमितोमोबरोबर १९ मिसळणाऱ्या गाभ्यांच्या तंतूतून तेवढीच माहिती १,८०८ किलोमीटरपर्यंत नेली. दोन्ही तंतूंच्या काचेचा व्यास १२५ मायक्रोमीटर होता, म्हणजे आजच्या साध्या तंतूइतकाच.

या आकड्यामागे सगळं जग उभं आहे. तंतू ओढणारे मनोरे, लेप चढवणारी यंत्रं, केबलच्या नळ्या, तंतू कापण्याची आणि वितळवून जोडण्याची उपकरणं, सगळं १२५ मायक्रोमीटरला जुळवलेलं आहे. जाड तंतू आणायचा तर हे सगळं बदलावं लागेल, आणि तो सहज वाकणार नाही. म्हणून उद्योगानं आज पसंती दिली आहे ती २ आणि ४ गाभ्यांना, नेहमीच्या व्यासात. ३० गाभ्यांचा तंतू काय शक्य आहे ते दाखवतो. ४ गाभ्यांचा तंतू उद्या कामाला लागतो. विज्ञानाला दोन्हींची गरज आहे. पण सामान्य माणसाचं आयुष्य दुसऱ्यामुळे लवकर बदलेल, आणि सार्वजनिक पैसा कुठे लावायचा हे ठरवताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

जोड मारणारे हात

या तंतूचं भवितव्य प्रयोगशाळेत जेवढं ठरेल तेवढंच रस्त्याकडेला ठरेल. फायबर तुटल्यावर स्प्लायसिंग करणारा तंत्रज्ञ आपण सर्वांनी पाहिलेला असतो. तो तंतूवरचा लेप सोलतो, अल्कोहोलनं काच पुसतो, क्लीव्हरनं टोक काटकोनात कापतो, दोन टोकं स्प्लायसिंग मशिनमध्ये समोरासमोर ठेवतो. विजेच्या ठिणगीनं काच वितळून एकजीव होते. वर स्लीव्ह चढवून ती गरम केली की जोड पक्का. तंतू गोल, गाभा मधोमध. त्यामुळे तंतू स्वतःभोवती कसाही फिरलेला असला तरी बिघडत नाही.

बहुगाभी तंतूत हेच सगळ्यात आधी बिघडतं. गाभे मध्यापासून दूर आहेत, म्हणून दोन टोकं एकमेकांशी योग्य कोनातही फिरवावी लागतात. एखादा अंश चुकला तर कडेचे गाभे एकमेकांसमोर येतच नाहीत. नवी मशिनं तंतूच्या टोकाचं चित्र घेऊन तो आपोआप फिरवतात. कोणता गाभा पहिला आणि कोणता दुसरा हे ओळखता यावं म्हणून काचेत एक खूण ठेवावी लागते. तंतूची दोन टोकं उलटसुलट जोडली तर क्रमही उलटतो, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. केबलच्या शेवटी प्रत्येक गाभ्यातला प्रकाश वेगळ्या साध्या तंतूत उतरवणारा ‘फॅन-आउट’ लागतो. वाटेत प्रवर्धक हवेत. सगळ्या गाभ्यांना एकाच ‘पंप’ लेसरनं बळ देणारे बहुगाभी प्रवर्धक अजून सुधारत आहेत. लगतच्या गाभ्यांतून विरुद्ध दिशांना संकेत पाठवले तर क्रॉसटॉकचा त्रास कमी होतो, हीसुद्धा नेटवर्क आखणाऱ्यानं वापरायची युक्ती आहे.

गाभे वाढवल्यानं केबलची क्षमता वाढते, तसा तुटलेल्या एका तंतूचा फटकाही वाढतो. जेसीबीचा एक दात एका तंतूवर पडला की आता चार वाटा एकदम बंद होतात. म्हणून या तंत्राचा विचार करताना प्रशिक्षित हातांचा विचार त्याच श्वासात व्हायला हवा.

समुद्र आधी का?

बहुगाभी तंतू पहिल्यांदा व्यापारी कामाला लागण्याची वेळ आली ती समुद्रात, आणि त्याचं कारण वीज आहे. समुद्राखालच्या केबलमध्ये ठरावीक अंतरावर प्रवर्धक असतात आणि त्यांना वीज किनाऱ्यावरूनच मिळते, केबलमधल्या वाहकातून, १५ हजार व्होल्टपर्यंतच्या दाबानं. हजारो किलोमीटरवर पोचवता येणारी वीज मर्यादित. शक्ती वाढवत एका गाभ्यात जास्त कोंबण्यापेक्षा तीच शक्ती अनेक गाभ्यांत थोडी थोडी वाटली तर एकूण माहिती जास्त जाते. गोंगाटाचं गणितच असं आहे की शक्ती दुप्पट केली तरी एका गाभ्याची क्षमता थोडीच वाढते, गाभे दुप्पट केले तर जवळजवळ दुप्पट. त्यात खोल समुद्रातली केबल जेमतेम १७ मिलिमीटर जाड असते. तिच्यात तंतूंच्या जोड्या वाढवायला जागा थोडी.

२०२३ साली सुमितोमो इलेक्ट्रिकनं समुद्री केबलसाठी दोन गाभ्यांच्या तंतूचं घाऊक उत्पादन जाहीर केलं. त्याच वर्षी गूगल आणि एनईसी यांनी तैवान, फिलिपीन्स आणि अमेरिका यांना जोडणाऱ्या टीपीयू केबलमध्ये दोन गाभ्यांचे तंतू वापरण्याची घोषणा केली. समुद्राखालच्या केबलमध्ये बहुगाभी तंतू घेण्याचा हा जगातला पहिला निर्णय.

मुंबईला समुद्री केबल नवी नाही. १८७०मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजानं मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली आणि शहर इंग्लंडशी समुद्रातून जोडलं गेलं. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या माहितीनुसार २०२२च्या अखेरीस देशात १४ लँडिंग स्टेशनांवर मिळून १७ आंतरराष्ट्रीय केबल उतरत होत्या. त्यांतल्या अनेक मुंबईत, विशेषतः वर्सोव्याच्या छोट्याशा किनारपट्टीवर एकवटलेल्या आहेत. तिथून काही अंतरावर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. किनाऱ्यापासून डेटा सेंटरपर्यंत आणि एका डेटा सेंटरपासून दुसऱ्यापर्यंत, भरलेल्या डक्टमधून जास्त माहिती न्यायची निकड मुंबई-नवी मुंबईला आधी भासेल. नवा रस्ता न खोदता क्षमता वाढवायची तर त्याच जाडीचा पण अनेक गाभ्यांचा तंतू उपयोगी पडेल.

छत्रपती संभाजीनगरची काच

पुण्यात मुख्यालय असलेल्या एसटीएल कंपनीचे काच आणि तंतूंचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज इथे आहेत. शेंद्र्यात काचेचा दांडा, म्हणजे प्रीफॉर्म, घडतो. सुमारे दोन हजार अंश सेल्सियसला तो मऊ होतो आणि ड्रॉ टॉवरमधून त्याचा तंतू ओढला जातो. २०२२ साली या कंपनीनं भारतातला पहिला बहुगाभी तंतू, ४ गाभ्यांचा ‘मल्टिव्हर्स’, जाहीर केला. २०२५ साली सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेबरोबर तिनं अशाच तंतूतून क्वांटम पद्धतीनं गुप्त किल्ली पाठवण्याचा प्रयोग केला. एकेका फोटॉनवर चालणाऱ्या अशा किल्लीला नेहमीच्या जोरकस संकेतांचा शेजार सोसवत नाही. तिच्यासाठी वेगळा गाभा राखून ठेवता येणं, हा बहुगाभी तंतूचा एक मोठा गुण आहे.

बहुगाभी प्रीफॉर्म करणं जिकिरीचं. एक पद्धत अशी: शुद्ध सिलिकाच्या जाड दंडगोलात अचूक छिद्रं पाडायची, प्रत्येकात गाभ्याचा दांडा बसवायचा आणि सगळं एकजीव करून ओढायचं. भिन्न गाभे हवे असतील तर दांडेही वेगवेगळ्या अपवर्तनांकांचे. छिद्राची जागा किंचित जरी सरकली तरी ती चूक तंतूभर जाते. दंडगोलात छिद्रं पाडण्याच्या लांबीला मर्यादा असल्यानं एका प्रीफॉर्ममधून तंतू कमी निघतो आणि महाग पडतो. हा खर्च कमी करण्याचा प्रश्न भौतिकीइतकाच कारागिरीचा आहे, आणि अशी कारागिरी जिथे काच घडते तिथेच विकसित होते.

गावागावात भारतनेटमधून पोचणाऱ्या तंतूला आज अनेक गाभ्यांची गरज नाही. एक गाभा तिथे पुष्कळ वर्षं पुरेल, आणि त्या तंतूची देखभाल नीट होणं जास्त निकडीचं आहे. बहुगाभी तंतू लागेल तो समुद्रात, महानगरांमधल्या दाट जोडण्यांत आणि डेटा सेंटरच्या भिंतींआड. ही मर्यादा ओळखूनच त्याचं कौतुक व्हायला हवं.

आणि आत्ताच व्हायला हवं, कारण नियम आत्ता लिहिले जात आहेत. गाभे किती, कोणत्या मांडणीत, किती अंतरावर, खूण कुठे, क्रॉसटॉक मोजायचा कसा आणि कोणत्या वळणावर, हे सगळं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या अभ्यासगटांत चर्चेला आहे. एकदा मानक ठरलं की ते दशकानुदशकं टिकतं. १२५ मायक्रोमीटरचा आकडा त्याचा पुरावा आहे. त्या चर्चेत जपान, अमेरिका आणि युरोप आपली मोजमापं घेऊन बसतात. लाक्विलासारख्या शहरानं आपल्या पुनर्बांधणीत केबलसाठी जागा दिली, म्हणून त्याच्या विद्यापीठाकडे मांडायला खरी मोजमापं आहेत. आपल्याकडे काच घडवणारा कारखाना आहे, केबल उतरणारा किनारा आहे, भट्टीसारखा उन्हाळा आणि रस्ते सतत उकरले जाणारी शहरं आहेत. महाराष्ट्रातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं, एखाद्या महापालिकेनं आणि एखाद्या कारखान्यानं मिळून इथल्या डक्टमध्ये काही किलोमीटर बहुगाभी केबल संशोधनासाठी खुली ठेवली, तर इथल्या तापमानात, इथल्या वळणांवर क्रॉसटॉक कसा वागतो याची मोजमापं जगाला फक्त आपण देऊ शकू. स्प्लायसिंग शिकवणाऱ्या आयटीआयमध्ये कोन जुळवणारी मशिनं आली, तर ती केबल सांभाळणारे हातही इथलेच असतील. यासाठी विक्रमी आकड्यांची गरज नाही. थोडा सार्वजनिक पैसा, विद्यापीठ आणि उद्योग यांच्यातला प्रामाणिक करार, आणि मोजमापं जाहीर करण्याची तयारी एवढं पुरेसं आहे, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.